पॉइंटरची किल्ली कुठे ठेवावी

सी भाषेत लिहिलेल्या प्रोग्रामला अनेक पायऱ्या खोल गेलेल्या फंक्शनमधून एकदम वरच्या एखाद्या ठरलेल्या ठिकाणी परतायचे असते, तेव्हा तो सेटजंप आणि लाँगजंप या फंक्शनांच्या जोडीचा आधार घेतो. सेटजंप हे त्या क्षणी प्रोसेसरच्या रजिस्टरांत असलेली आवश्यक मूल्ये, म्हणजे स्टॅकचे टोक कुठे आहे, परतायचे कोणत्या पत्त्यावर आणि हाक देणाऱ्या फंक्शनच्या हक्काची रजिस्टरे कोणत्या स्थितीत आहेत, हे सारे जंप-बफर नावाच्या मेमरीच्या एका तुकड्यात लिहून ठेवते. लाँगजंप तीच मूल्ये पुन्हा रजिस्टरांत भरते आणि प्रोग्राम जणू सेटजंपमधून दुसऱ्यांदा परततो. लुआसारख्या भाषेचा दुभाषी, पोस्टग्रेसक्यूएलसारखी डेटाबेस-प्रणाली आणि पीएनजी चित्रे उलगडणारी प्रचलित लायब्ररी या साऱ्या आपल्या चुका हाताळण्यासाठी याच जोडीवर विसंबून आहेत. धोका असा की जंप-बफर साध्या, लिहिता येणाऱ्या मेमरीत असतो. त्याच्या शेजारच्या एखाद्या रांगेत मर्यादेपलीकडे अक्षरे लिहिली गेली, तर परतीचा पत्ता हल्लेखोराच्या इच्छेप्रमाणे बदलतो आणि पुढची उडी त्याने नेमलेल्या जागी पडते. प्रोग्राम संपताना चालवायच्या फंक्शनांची यादीही लायब्ररी अशाच मेमरीत सांभाळते, आणि अक्षर-संकेत बदलणाऱ्या किंवा नावे शोधणाऱ्या उपविभागांतील फंक्शन-पॉइंटर, म्हणजे फंक्शनचा पत्ता बाळगणारी मूल्ये, यांची स्थितीही वेगळी नसते.

असे पॉइंटर मेमरीत उघड्या रूपात ठेवूच नयेत, हा विचार क्रिस्पिन कोवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली ‘पॉइंटगार्ड’ या नावाने मांडला होता. त्यात कंपायलरनेच सगळे पॉइंटर सांकेतिक रूपात लिहावेत आणि वापरण्याच्या क्षणी रजिस्टरात उलगडावेत अशी योजना होती. लिनक्सवरील बहुतेक प्रोग्राम ज्या प्रणाली-लायब्ररीवर उभे असतात, त्या ग्नू सी लायब्ररीने २००६ च्या २.४ या आवृत्तीत याचे अधिक मर्यादित रूप स्वीकारले. सगळे पॉइंटर नव्हे, तर लायब्ररीच्या स्वतःच्या ताब्यातील मोजके, नियंत्रण हलवू शकणारे पॉइंटर तेवढे विरूपित करायचे. मर्यादा घातल्यामुळेच ही योजना प्रत्यक्षात येऊ शकली, असे म्हणायला हरकत नाही, कारण तिला कंपायलरची किंवा वापरकर्त्याच्या प्रोग्रामची कोणतीही संमती लागत नव्हती. लायब्ररी जे स्वतः लिहिते तेच स्वतः वाचते, आणि मध्ये कोणीही डोकावत नाही, असे निदान गृहीत धरलेले होते.

विरूपणाची क्रिया अगदी छोटी आहे. प्रोग्राम सुरू होताना मिळालेल्या एका यादृच्छिक संख्येशी, म्हणजे किल्लीशी, पॉइंटरची एक्सॉर क्रिया करायची. ही क्रिया दोन संख्यांचे बिट जुळवून जिथे ते वेगळे असतील तिथे एक आणि सारखे असतील तिथे शून्य देते, आणि त्याच किल्लीने पुन्हा केली की मूळ संख्या परत मिळते. इंटेलच्या घराण्यातील प्रोसेसरांवर याच्या जोडीला मिळालेले बिट डावीकडे चक्राकार फिरवले जातात, ३२ बिटांच्या रचनेत ९ स्थाने आणि ६४ बिटांच्या रचनेत १७ स्थाने. इतक्या साध्या गणितावर का थांबावे, असा प्रश्न या कामात नव्याने उतरणाऱ्या प्रत्येकाला पडतो, आणि त्याचे उत्तर गणितात नसून जंप-बफरच्या आकारात आहे. जंप-बफर वापरकर्त्याच्या प्रोग्राममध्ये जाहीर होतो, त्याचा आकार जुन्या, आधीच कंपाइल झालेल्या लाखो ओळींत गोठलेला असतो, आणि त्यामुळे पॉइंटरशेजारी एखादी सही किंवा पडताळणीची संख्या ठेवायला जागाच उरत नाही. जे काही करायचे ते पॉइंटरच्या मूळ आठ किंवा चार बाइटांत, उलट करता येईल अशा रीतीने आणि थोडक्या सूचनांत करावे लागते.

फिरवण्याची पायरी वरवर पाहता सजावटीची वाटते, परंतु ६४ बिटांच्या इंटेल रचनेत तिचे काम नेमके दाखवून देता येते. तेथे सर्वसाधारण प्रोग्रामचे पत्ते ४७ बिटांत मावतात, म्हणजे वरचे १७ बिट शून्य असतात. शून्याशी एक्सॉर केल्यावर किल्लीचे वरचे १७ बिट जसेच्या तसे उमटतात आणि १७ स्थाने फिरवल्यावर तेच बिट मूल्याच्या खालच्या टोकाला येऊन बसतात. या प्रोसेसरांत मूल्याचा सर्वांत खालचा बाइट मेमरीत सर्वांत आधी येतो, त्यामुळे मर्यादा ओलांडून आलेले लेखन पहिल्यांदा तिथेच पोहोचते. फिरवणे नसते, तर हल्लेखोराला किल्ली न कळताही पत्त्याचा फक्त शेवटचा बाइट बदलून उडी जवळच्याच दुसऱ्या सूचनेकडे वळवता आली असती; फिरवल्यामुळे तोच प्रयत्न पत्त्याच्या वरच्या, शून्य असायलाच हव्या अशा भागात कचरा आणतो आणि प्रोग्राम तिथल्या तिथे बंद पडतो. अर्थात याची दुसरी बाजूही नजरेआड करता येत नाही. विरूपित मूल्य वाचू शकणाऱ्याला किल्लीचे १७ बिट काही न करता मिळतात, आणि मूळ पत्ताही ठाऊक असेल तर संपूर्ण किल्ली एका वजाबाकीइतक्या श्रमात हाती येते. हे संरक्षण लिहू शकणाऱ्या पण वाचू न शकणाऱ्या हल्लेखोराविरुद्ध आहे, आणि त्याकडून त्याहून अधिकाची अपेक्षा ठेवणे अन्यायाचे ठरेल.

प्रत्यक्ष काम सुरू झाले की गणित दोन दिवसांत विसरले जाते आणि सगळे लक्ष एकाच प्रश्नावर खिळते: किल्ली कुठे ठेवायची? इंटेल घराण्यात याचे उत्तर तयार होते. तेथे प्रत्येक थ्रेडसाठी, म्हणजे प्रोग्राममध्ये समांतर चालणाऱ्या प्रत्येक धाग्यासाठी, एक शीर्षभाग असतो आणि त्याकडे बोट दाखवणारे एक खंड-रजिस्टर कायम राखून ठेवलेले असते. ६४ बिटांत त्या शीर्षभागाच्या ४० व्या बाइटावर स्टॅकच्या रक्षणाची संख्या आणि ४८ व्या बाइटावर पॉइंटरची किल्ली, तर ३२ बिटांत त्याच दोन गोष्टी अनुक्रमे २० व्या आणि २४ व्या बाइटावर आढळतात. किल्ली वाचायला एकही जादा रजिस्टर लागत नाही, कारण एक्सॉरची सूचनाच त्या जागेवरून थेट वाचू शकते. पॉवरपीसी आणि स्पार्क यांच्याकडेही थ्रेडचा पत्ता धरणारे रजिस्टर ठरलेले असल्याने तशीच सोय करता येते, फक्त तेथे मूल्य आधी रिकाम्या रजिस्टरात आणावे लागते. आयबीएमच्या एस/३९० या मोठ्या संगणकांच्या ६४ बिटांच्या रचनेत मात्र थ्रेडचा पत्ता दोन छोट्या, ३२ बिटांच्या प्रवेश-रजिस्टरांत अर्धा अर्धा विभागलेला असतो. पहिला अर्धा काढून वर सरकवायचा, दुसरा खाली जोडायचा, आणि मग कुठे किल्लीपर्यंत पोहोचायचे. इंटेलवर एका सूचनेत होणाऱ्या गोष्टीला तेथे चार-पाच सूचना लागतात, आणि त्या वेळात कोणते रजिस्टर मोकळे आहे याचा हिशोब प्रत्येक ओळीला ठेवावा लागतो.

हा हिशोब चुकला तर काय होते, हे लाँगजंप लिहिताना नीट कळते. लाँगजंपला दुसरा घटक म्हणून एक संख्या दिलेली असते, तीच सेटजंपच्या दुसऱ्या परतीचे उत्तर म्हणून पोहोचवायची असते, आणि ती शून्य असेल तर तिच्या जागी एक द्यायचा असतो. ही संख्या शेवटच्या सूचनेपर्यंत एका रजिस्टरात थांबलेली असते. किल्ली आणण्यासाठी नजरचुकीने तेच रजिस्टर वापरले, तर प्रोग्राम अगदी बरोबर जागी परततो, स्टॅकही बरोबर असतो, पण हाती आलेली संख्या भलतीच असते. तिच्यावर आधारलेली चूक-हाताळणी वेगळ्याच फाट्यावर जाते आणि दोष दिसतो तो लायब्ररीपासून फार दूर, कुणाच्या तरी डेटाबेसमध्ये. शिवाय विरूपणाची क्रिया दोन रूपांत लिहावी लागते, एक असेंब्लीत आणि एक सी भाषेत, कारण थ्रेड रद्द करताना कोणते स्टॅक-भाग मागे टाकले गेले हे ठरवण्यासाठी सी भाषेतील संहितेलाही जंप-बफरमधील स्टॅकचा पत्ता उलगडावा लागतो. दोन्ही रूपे बिटागणिक जुळली पाहिजेत. शीर्षभागातील जागा सी भाषेतील रचनेत बदलली आणि असेंब्लीत जुनाच आकडा राहिला, असे होऊ नये म्हणून लायब्ररी बांधतानाच ती अंतरे सीच्या रचनेवरून मोजून असेंब्लीला पुरवली जातात. ही व्यवस्था पाहणाऱ्याला क्षुल्लक वाटेल, परंतु अनेक प्रोसेसरांवर एकाच वेळी काम करणाऱ्यांच्या दृष्टीने ती गणितापेक्षा मोलाची आहे.

आर्म आणि त्याचा ६४ बिटांचा अवतार यांच्या शीर्षभागात किल्लीसाठी अशी जागा नव्हती. तेथे किल्ली एका जागतिक चलात, म्हणजे संपूर्ण प्रोग्रामसाठी एकाच असलेल्या मूल्यात, ठेवण्याचा मार्ग निवडला गेला. त्या चलाचा पत्ता आधी तक्त्यातून शोधायचा, मग मूल्य वाचायचे आणि मग साधे एक्सॉर करायचे. यात दोन वाचने अधिक लागतात, आणि प्रोग्राममध्ये लायब्ररी जोडणारा डायनॅमिक लिंकर स्वतःच अजून पुरता जोडला गेलेला नसताना त्याच्यासाठी त्या चलाची वेगळी, अंतर्गत प्रतही राखावी लागते. गतीच्या दृष्टीने ही दुय्यम सोय मानली जाते. सुरक्षेच्या दृष्टीने मात्र तिला एक फायदा आहे, आणि तो फारसा बोलला जात नाही: हे चल अशा विभागात असते की जोडणी पूर्ण होताच तो विभाग केवळ वाचनीय केला जातो. याउलट इंटेलवरील शीर्षभाग शेवटपर्यंत लिहिता येण्याजोगा राहतो, आणि मुख्य थ्रेडखेरीज इतर थ्रेडांच्या बाबतीत तो त्यांच्याच स्टॅकच्या वरच्या टोकाला असतो, म्हणजे स्टॅकवरून पुरेसे लांब लिहू शकणाऱ्याला किल्लीच बदलून टाकता येते. ज्याला किल्ली लिहिता येते त्याला ती ओळखण्याची गरज उरत नाही. जागेची अडचण असलेल्या रचनेला येथे अधिक चांगले रक्षण मिळाले, आणि ते कोणी मुद्दाम योजून नव्हे. सोयीची जागा आणि सुरक्षित जागा एकच असेल असे धरून चालता येत नाही, हे या तुलनेतून लक्षात येते.

किल्ली कुठे, याच्याइतकाच किल्ली केव्हा हा प्रश्न कठीण असतो. लिनक्स कर्नल २.६.२९ या आवृत्तीपासून, म्हणजे २००९ पासून, प्रत्येक नव्या प्रोग्रामला १६ यादृच्छिक बाइट सुपूर्द करतो. ६४ बिटांच्या रचनेत त्यातील पहिले आठ स्टॅकच्या रक्षणासाठी आणि नंतरचे आठ पॉइंटरच्या किल्लीसाठी घेतले जातात. पहिल्या आठांतील एक बाइट हेतुपुरस्सर शून्य केला जातो, कारण शून्यावर थांबणाऱ्या अक्षरमाला-फंक्शनांना तो ओलांडता येत नाही. किल्ली बसवण्याच्या आधी एखादा पॉइंटर विरूपित झाला आणि नंतर उलगडला गेला, तर उलगडताना वेगळी किल्ली लागते आणि पत्ता भलताच निघतो. म्हणून प्रोग्रामच्या अगदी सुरुवातीच्या, अजून मेमरीची मांडणीही पूर्ण न झालेल्या टप्प्यात सूचनांचा क्रम फार जपून ठरवावा लागतो, आणि तो क्रम प्रत्येक रचनेत थोडा थोडा वेगळा असतो. नवा थ्रेड जन्मताना त्याच्या शीर्षभागात किल्लीची नक्कल करणेही विसरून चालत नाही. क्रमाच्या या चुका एका अर्थाने प्रामाणिक असतात, कारण त्या लगेच कोसळतात. डिबगरमध्ये उडीचा पत्ता म्हणून एखादी अर्थहीन, सगळ्या बिटांत पसरलेली संख्या दिसली की अनुभवी माणूस प्रथम किल्लीकडेच पाहतो.

खरी भीती न कोसळणाऱ्या चुकांची आहे. एक्सॉर ही क्रिया अशी आहे की किल्ली शून्य असली तरी ती निर्दोष चालते: विरूपित केले, उलगडले, मूळ पत्ता परत मिळाला, सगळ्या चाचण्या उत्तीर्ण झाल्या. २०१३ साली उघड झालेल्या आणि सीव्हीई-२०१३-४७८८ या क्रमांकाने नोंदल्या गेलेल्या दोषात नेमके हेच घडले होते. डायनॅमिक लिंकरच्या मदतीने सुरू होणाऱ्या प्रोग्रामांत किल्ली बसवण्याचे काम लिंकर करत असे. परंतु सगळी लायब्ररी आपल्याच पोटात घेऊन बांधलेल्या, म्हणजे स्थिर जोडणीच्या प्रोग्रामांत लिंकर नसतो, आणि त्यांच्या सुरुवातीच्या संहितेत किल्ली बसवणारी ओळच लिहिलेली नव्हती. २००६ पासून सात वर्षांहून अधिक काळ असे सगळे प्रोग्राम शून्य किल्लीने चालत राहिले. इंटेलवर बिट फिरवले जात होते, पण किती स्थाने फिरवायचे हे सर्वांना ठाऊक असल्याने त्याला रक्षण म्हणता येत नाही. दुरुस्ती २.१९ या आवृत्तीत, २०१४ च्या आरंभी वापरकर्त्यांपर्यंत पोहोचली.

त्या दुरुस्तीसोबत आलेली चाचणी दुरुस्तीहून अधिक अभ्यसनीय आहे. ती सेटजंप चालते की नाही हे पाहत नाही; ती स्वतःलाच अनेकदा नव्याने चालवते, प्रत्येक वेळी किल्ली थेट वाचून घेते आणि या किल्ल्या एकमेकींपासून वेगळ्या आहेत का एवढेच तपासते. नुसते फोर्क करून, म्हणजे चालू प्रक्रियेची नक्कल काढून, हे साधले नसते, कारण नकलेला किल्ली वारशाने मिळते. अशी चाचणी लिहिण्यासाठी प्रत्येक प्रोसेसर-रचनेला ‘तुझी किल्ली वाचून दाखव’ एवढे सांगणारा असेंब्लीचा स्वतंत्र तुकडा लागतो, आणि विरूपणाची संहिता ज्याने लिहिली त्यालाच तो पुरवावा लागतो. संरक्षणाच्या कोणत्याही यंत्रणेत तिचे कार्य बरोबर होणे आणि तिचे अस्तित्व असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि नेहमीच्या चाचण्या फक्त पहिली तपासतात. हा भेद या क्षेत्रातील लोकांनी पुस्तकातून शिकावा अशी इच्छा असली, तरी बहुतेकांना तो अशा एखाद्या दोषातूनच उमगलेला असतो.

अस्तित्व नसण्याचे आणखी एक रूप दीर्घकाळ उघडपणे नांदत होते. मिप्स या रचनेच्या आणि २०१८ मध्ये २.२७ या आवृत्तीत दाखल झालेल्या रिस्क-फाइव्ह या रचनेच्या विभागात विरूपणाच्या जागी ‘अद्याप आधार नाही’ अशी एक टिप्पणी आणि काहीही न करणारी रिकामी व्याख्या होती. लायब्ररीचा उरलेला सगळा भाग तिथेही तीच नावे घेऊन हाक देतो, आणि संहिता वाचणाऱ्याला पॉइंटर रक्षिलेले आहेत असेच वाटते. नव्या रचनेची पहिली आवृत्ती लवकर चालती करण्यासाठी ही रिकामी व्याख्या आवश्यक असते हे मान्य करूनही, ती एकदा बसली की तिला हलवण्याची निकड कुणालाच भासत नाही, कारण तिच्या असण्याने काहीच बिघडत नाही. त्याउलट चालू असलेले रक्षण बंद करण्याची सोयही बराच काळ लायब्ररीत होती. एका परिसर-चलाला, म्हणजे प्रोग्राम सुरू करताना बाहेरून दिलेल्या नावाच्या मूल्याला, शून्य दिले की विरूपण थांबत असे. ही सोय मालकाच्या, बहुधा रूटच्या, अधिकाराने चालणाऱ्या विशेष प्रोग्रामांतही पाळली जात होती, म्हणजे ज्याच्यापासून बचाव करायचा त्याच्याच हाती बंद करण्याचे बटण होते. सीव्हीई-२०१५-८७७७ या नोंदीनंतर २.२३ या आवृत्तीत ती सोय मर्यादित न करता समूळ काढून टाकण्यात आली, आणि तो निर्णय योग्यच होता.

मध्ये कोणीही डोकावत नाही, हे गृहीतकही टिकले नाही. लाँगजंप ओलांडून पुढच्या ओळीवर थांबण्यासाठी जीडीबी हा डिबगर जंप-बफरमधून परतीचा पत्ता वाचत असे. विरूपणानंतर त्याला मिळणारा पत्ता निरर्थक झाला. यावर उपाय म्हणून लायब्ररीने सेटजंप आणि लाँगजंपच्या संहितेत, पत्ता उलगडलेला असतानाच्या नेमक्या सूचनेवर, निरीक्षण-बिंदू ठेवले. त्यांची माहिती वेगळ्या विभागात नोंदलेली असते आणि डिबगर जोडलेला नसताना त्यांचा भार नगण्य असतो. थ्रेडसॅनिटायझर या, समांतर थ्रेडांतील परस्परविरोधी लेखन शोधणाऱ्या साधनाला तर स्टॅकचा पत्ता स्वतःच उलगडावा लागतो. इंटेलवर ते ४८ व्या बाइटावरची किल्ली सरळ वाचते. ६४ बिटांच्या आर्मवर किल्ली हाती लागत नसल्याने ते एकदा स्वतः सेटजंप चालवते, आपल्याला माहीत असलेला स्टॅकचा पत्ता आणि जंप-बफरमधील विरूपित पत्ता यांचे एक्सॉर करते, आणि किल्ली मिळवते. हल्लेखोराने जे करू नये असे वाटते, तेच एक उपयुक्त साधन रोज उजळ माथ्याने करते; या रक्षणाची मर्यादा याहून स्वच्छ शब्दांत सांगता येणार नाही.

पुढच्या काळात मेमरी वाटपाच्या मोकळ्या तुकड्यांच्या साखळीलाही असेच रक्षण देण्यात आले, पण २०२० च्या २.३२ या आवृत्तीत आलेल्या त्या योजनेने ही किल्ली वापरली नाही. पॉइंटर ज्या जागी साठवला आहे त्या जागेचाच पत्ता १२ बिट उजवीकडे सरकवून त्याच्याशी एक्सॉर करायचे, एवढीच ती क्रिया आहे. तिला शीर्षभाग लागत नाही, असेंब्ली लागत नाही, आणि म्हणून मिप्ससह सगळ्या रचनांवर ती एकाच दिवशी उपलब्ध झाली. पत्त्यांची मांडणी यादृच्छिक असण्यावर ती विसंबून आहे, त्यामुळे तिची ताकद कमी आहे, तरी सर्वत्र असणारे दुबळे रक्षण काही ठिकाणीच असणाऱ्या सबळ रक्षणापेक्षा पुष्कळदा अधिक उपयोगी पडते.

प्रोसेसर बनवणाऱ्यांनीही दरम्यान हा प्रश्न आपल्याकडे घेतला आहे. २०१६ मध्ये जाहीर झालेल्या आर्मच्या ८.३ आवृत्तीत पॉइंटरच्या वरच्या, न वापरलेल्या बिटांत एक छोटी सही बसवण्याच्या सूचना आल्या. सही पॉइंटर, त्याचा संदर्भ आणि प्रोग्रामला वाचताच न येणाऱ्या रजिस्टरांतील किल्ली यांवरून काढली जाते, आणि ॲपलने २०१८ च्या ए१२ या प्रोसेसरापासून ती वापरात आणली. किल्ली मेमरीत नाही, ही यातील सर्वांत मोठी सुधारणा होय. इंटेलने वेगळा मार्ग घेतला आणि परतीच्या पत्त्यांची दुसरी, साध्या लेखनाला बंद असलेली प्रत ठेवणारा छाया-स्टॅक आणला. लायब्ररीत त्याची तयारी २०१८ च्या २.२८ पासून होती, आणि लिनक्स कर्नलने सामान्य प्रोग्रामांसाठी तो २०२३ च्या ६.६ या आवृत्तीत खुला केला. लाँगजंपला आता दोन स्टॅक मागे न्यावे लागतात, म्हणजे छाया-स्टॅकचे टोकही जंप-बफरमध्ये साठवले पाहिजे, आणि पुन्हा तोच जुना अडसर आला, की बफरचा आकार वाढवता येत नाही. जागा सापडली ती संकेत-मुखवट्याच्या, म्हणजे रोखून धरलेल्या संकेतांच्या यादीच्या भागात. लायब्ररीने त्यासाठी १०२४ बिट राखून ठेवले होते आणि कर्नलला त्यातले ६४ च लागतात. मागे सरकवण्याची सूचना एका वेळी २५५ नोंदींपेक्षा अधिक ओलांडू शकत नाही, म्हणून खोलवरून येणाऱ्या लाँगजंपला ती पुन्हा पुन्हा चालवत टोकापर्यंत जावे लागते.